हुशार मुलांचा ताण: मोजायचा कसा आणि आकडा वाचायचा कसा?

‘गुणवंत विद्यार्थ्यांमध्ये ताण वाढतोय’ अशी बातमी परीक्षांच्या मोसमात हमखास येते. सोबत एखादी टक्केवारी असते, पण मुलांना नेमकं काय विचारलं होतं आणि उत्तरांवरून ती टक्केवारी कशी काढली, हे बातमीत क्वचितच असतं. हल्ली काही शाळाही अशा चाचण्या घेतात आणि पालकांच्या हाती ‘ताण : ४० पैकी २४, मध्यम’ असा कागद येतो. कुणी तो वाचून घाबरतं, कुणी ‘मध्यमच आहे की’ म्हणून निर्धास्त होतं. पण एवढ्या एका आकड्यावर यातलं काहीच ठरवता येत नाही. ताण कशाचा आहे, मूल त्याला तोंड कसं देतंय आणि आकडा स्वतः किती चुकू शकतो, हे कळल्याशिवाय त्या २४ ला फारसा अर्थ नाही. प्रज्ञावान मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण त्यांचे मार्क शेवटपर्यंत चांगलेच राहू शकतात.

ताण म्हणजे मोजायचं तरी काय?

एखाद्याच्या पाठीवर ओझं आहे अशी कल्पना करा. त्या ओझ्याचं वजन करता येईल. उचलताना त्याच्या नाडीचे ठोके मोजता येतील. किंवा त्यालाच विचारता येईल, ‘किती जड वाटतंय?’ ताणाच्या मोजमापाच्याही याच तीन वाटा आहेत.

वजन करण्याची वाट म्हणजे घटनांची यादी. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या अमेरिकी संशोधकांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५०. गेल्या काही महिन्यांत जे घडलं त्याची बेरीज म्हणजे तुमचा ताण. पण एकच घटना दोन माणसांना सारखी जड जात नाही. वर्गात दुसरा नंबर येणं एका मुलीला आनंदाचं वाटतं आणि दुसरीची झोप उडवतं. घटनेला नेमून दिलेल्या गुणात हा फरक येतच नाही.

शरीराच्या वाटेने मोजायच्या अडचणी पुढे येतील. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती तिसरी वाट. तिच्यामागे रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडलेला विचार आहे. माणूस आधी पाहतो, ‘यात माझ्यासाठी काही धोका आहे का?’ मग पाहतो, ‘हे निभावून नेण्याएवढं माझ्यापाशी काही आहे का?’ मागणी आपल्या ताकदीपेक्षा मोठी वाटली की ताण जाणवतो. याला ‘जाणवलेला ताण’ म्हणू. आणि त्या ताणाला तोंड देण्यासाठी माणूस मनात किंवा कृतीत जे जे करतो, त्याला ‘सामना’ म्हणू. इंग्रजीतून आलेला ‘कोपिंग’ हा शब्द याच अर्थाने कानावर पडतो. ताण आणि सामना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या प्रश्नावल्यांनी मोजाव्या लागतात आणि शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

दहा विधानांची प्रश्नावली जवळून पाहू

जाणवलेला ताण मोजणारी सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. मुळात ती १४ विधानांची होती. आता बहुधा १० विधानांची आवृत्ती वापरतात. प्रत्येक प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतो. अनपेक्षित काही घडल्याने किती वेळा अस्वस्थ झालात, महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यात असं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे. उत्तर ‘कधीच नाही’ (०) ते ‘फार वेळा’ (४) या पाच पर्यायांतून द्यायचं. एकूण गुण ० ते ४०.

यातली सहा विधानं त्रासाबद्दल आहेत. चार (क्रमांक ४, ५, ७ आणि ८) मात्र उलट्या बाजूची आहेत : स्वतःच्या अडचणी हाताळता येतील असा भरवसा वाटला का, गोष्टी मनासारख्या घडल्या का, चिडचीड आवरता आली का, सगळं आटोक्यात आहे असं वाटलं का. यांचे गुण उलटे करून धरायचे असतात : ४ चा ०, ३ चा १, २ तसाच. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. घाईत कुणी उलटे न करता सरळ बेरीज केली, तर भरवशाने भरलेलं मूल ताणग्रस्त ठरतं.

ही उलटी विधानं आणखी एका कामाची आहेत. कंटाळून सगळीकडे शेवटच्याच रकान्यात खूण करणाऱ्या मुलाचे गुण ४० होत नाहीत, २४ होतात. सहा विधानांचे २४ आणि उलट्या चारांचे शून्य. सगळीकडे पहिल्याच रकान्यात खूण केली तर १६ येतात आणि सगळीकडे मधल्या रकान्यात केली तर २०. हे तिन्ही आकडे कागदावर ‘मध्यम ताण’ म्हणून निघून जातात. म्हणून बेरीज करण्याआधी खुणांची उभी ओळ नजरेखालून घालायची. सगळ्या खुणा एकाच रकान्यात असतील तर तो कागद बाजूला काढायचा आणि मुलाशी बोलायचं.

‘मध्यम’ हा शब्द आला कुठून? ० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० जास्त, अशी विभागणी इंटरनेटवर सर्रास फिरते. मूळ प्रश्नावलीत आजारी-निरोगी अशी सीमारेषा आखलेलीच नाही. हे साधन निदानासाठी बनवलेलं नाही. सारख्या वयाच्या, सारख्या परिस्थितीतल्या लोकांशी तुलना करण्यासाठी बनवलेलं आहे. त्यामुळे १३ गुणांचं मूल ठीक आणि १४ चं चिंताजनक, असं वाचण्याला आधार नाही.

बेरजेआड लपणारी गोष्ट मात्र मोलाची आहे. समजा दोन विद्यार्थ्यांचे गुण प्रत्येकी १८ आहेत. पहिलीचे त्रासाच्या सहा विधानांवर २४ पैकी १६ आणि उलट्या चार विधानांवर (उलटवून) १६ पैकी फक्त २. म्हणजे तिला त्रास खूप होतोय, पण आपण निभावून नेऊ हा विश्वास शाबूत आहे. दुसऱ्याचे त्रासावर ७ आणि उलट्या विधानांवर ११. त्याची ओढाताण कमी आहे, पण आपल्या हातात काही आहे असं त्याला वाटतच नाही. पहिलीच्या वेळापत्रकातला भार तपासायला हवा. दुसऱ्याच्या बाबतीत आत्मविश्वास कुठे आणि कशाने खचला, हे शोधायला हवं. दोघांना ‘१८, मध्यम’ म्हणून एकाच कार्यशाळेला बसवलं तर दोघांच्याही हाती फारसं लागणार नाही. हे दोन उप-गुण वेगळे काढायला दोन मिनिटं लागतात, आणि तरी अहवालांत ते अगदी क्वचित दिसतात.

प्रज्ञावान मुलांसाठी वेगळं काय?

प्रज्ञावान कुणाला म्हणायचं याची एकच व्याख्या नाही. कुठे बुद्धिमापन चाचणीतले वरचे काही टक्के, कुठे एखाद्या विषयातली असामान्य गती, तर कुठे शिक्षकांची शिफारस. त्यामुळे कोणताही अभ्यास वाचताना मुलं कशी निवडली हे आधी पाहावं.

या मुलांच्या ताणाची कारणं सर्वसाधारण यादीत मावत नाहीत. एक कारण म्हणजे काठिण्य. प्रगत अभ्यासक्रमातला गृहपाठ, प्रकल्प, स्पर्धा, सगळं एकाच आठवड्यात येऊन पडतं. दुसरं, तुलना. आधीच्या शाळेत सहज पहिला येणारा मुलगा निवडक मुलांच्या वर्गात गेला की मधल्या फळीत येतो. त्याची क्षमता तेवढीच असते, पण स्वतःबद्दलचं मत घसरतं. ऑस्ट्रेलियातले संशोधक हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हा परिणाम अनेक अभ्यासांतून दाखवला आहे. तिसरं म्हणजे हुशारी लपवण्याचा ताण. मित्रांत वेगळं पडू नये म्हणून उत्तर येत असूनही हात वर न करणं, मार्क विचारले की विषय बदलणं. मेरी ॲन स्वियाटेक यांनी १९९० च्या दशकात खास यासाठी प्रश्नावली केली. हुशारी नाकारणं, विनोदाचा आडोसा घेणं, मित्रांनी स्वीकारण्याला फार महत्त्व देणं अशा सवयी तिच्यात विचारल्या जातात. सर्वसाधारण ताणाच्या प्रश्नावलीत यातलं एकही विधान नसतं. म्हणजे मूल रोज जो ताण सोसतंय त्याबद्दल त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मग आहे परिपूर्णतेचा आग्रह. इथे मोजमापाचा खरोखर उपयोग होतो, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या काढता येतात. रॉबर्ट स्लेनी आणि सहकाऱ्यांच्या २३ विधानांच्या प्रश्नावलीत ‘उच्च अपेक्षा’ सात विधानांनी मोजतात, ‘नीटनेटकेपणा’ चारांनी, आणि ‘अपेक्षा व प्रत्यक्ष यांतली दरी’ बारा विधानांनी. उच्च अपेक्षा ठेवणारं मूल दुःखी असेलच असं नाही. चिंता आणि खिन्नता यांच्याशी जास्त जोडलेली असते ती दरी, म्हणजे ‘मी कितीही केलं तरी कमीच’ ही भावना. म्हणून ‘अपेक्षा कमी ठेव’ हा सरसकट सल्ला चुकतो. ज्या मुलीच्या अपेक्षा उंच आहेत पण दरीचे गुण कमी आहेत, तिला तो अन्यायाचा वाटेल.

अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या शॅनन सुल्डो, एलिझाबेथ शॉनेसी-डेड्रिक आणि सहकाऱ्यांनी प्रगत अभ्यासक्रम घेणाऱ्या किशोरवयीनांसाठीच ताणाच्या कारणांची एक आणि सामन्याची एक अशा दोन प्रश्नावल्या तयार केल्या. अभ्यासाचा भार, अभ्यासात मागे पडणं, आई-वडिलांशी खटके अशी कारणं त्यांत वेगवेगळी मोजली जातात. अशी वेगळी साधनं लागतातच. सर्वसाधारण मुलांसाठी केलेल्या प्रश्नावलीत ‘अभ्यास समजत नाही’ यासारखी विधानं भरपूर असतात. प्रज्ञावान मुलं त्यावर ० देतात, आणि ताण खरोखर असूनही बेरीज कमी येते.

सामना मोजताना होणाऱ्या चुका

सामन्याचे ढोबळ प्रकार असे : अडचणच सोडवायला जाणं (वेळापत्रक बदलणं, शिक्षकांना विचारणं), भावना सावरणं (कुणाशी बोलणं, गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहणं), आणि टाळणं (झोपून राहणं, स्क्रीनमध्ये बुडून जाणं, प्रश्नच नाही असं धरून चालणं).

चार्ल्स कार्व्हर यांची १९९७ ची संक्षिप्त प्रश्नावली यासाठी खूप वापरतात. २८ विधानं, १४ प्रकार, प्रत्येक प्रकाराला दोनच विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण. किशोरवयीनांसाठीच केलेलं साधन म्हणजे एरिका फ्रायडेनबर्ग आणि रेमन लुईस यांची ऑस्ट्रेलियातली १९९३ ची प्रश्नावली. तिच्या मोठ्या आवृत्तीत १८ प्रकार येतात आणि त्यांचे तीन गट होतात : उत्पादक, इतरांची मदत घेणारे आणि अनुत्पादक.

पहिली चूक २८ विधानांची एकच बेरीज करण्याची. ‘सामना : ११२ पैकी ७१’ या आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण त्यात योजना आखणं आणि स्वतःला दोष देणं एकाच रकमेत मिसळलेलं असतं. प्रत्येक प्रकाराचे गुण वेगळेच पाहावे लागतात. आणि प्रत्येक प्रकाराला दोनच विधानं असल्यामुळे एका मुलाच्या एका प्रकारावरून मोठा निष्कर्ष काढू नये; विधान वाचताना जरा गफलत झाली तरी आकडा उडी मारतो.

दुसरी चूक हुशार मुलांच्या बाबतीत जास्त होते. ही मुलं पुष्कळदा बऱ्याच विधानांवर ‘हो, करतो’ अशी खूण करतात. समजा दोघांचे ‘योजना आखणे’ या प्रकारात ८ पैकी ६ गुण आहेत. पहिल्याची सगळ्या २८ विधानांची रक्कम ४८ आहे, दुसरीची ८०. पहिल्याच्या एकूण धडपडीत योजनेचा वाटा ६ भागिले ४८, म्हणजे साडेबारा टक्के. दुसरीच्या बाबतीत ६ भागिले ८०, साडेसात टक्के. गुण सारखेच, पण दुसरी मुलगी हाताला येईल ते सगळं करून पाहतेय आणि योजना त्यातली एक. एकूण रकमेचा असा वाटा काढण्यापुरताच उपयोग आहे.

तिसरी चूक एखादा प्रकार चांगला किंवा वाईट म्हणून छापून टाकण्याची. अडचण सोडवायला जाणं चांगलं, पण अडचण आपल्या हातातली असेल तेव्हा. निबंध लिहायचा बाकी आहे, तो लिहिणं हातात आहे. निकाल लागायचा आहे, तो हातात नाही. निकालाची वाट पाहताना प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून मार्कांचा अंदाज बांधत बसणारं मूल प्रश्नावलीवर ‘अडचण सोडवणे’ याला भरघोस गुण देईल आणि आतून पोखरलं जाईल. अशा वेळी दोन दिवस लक्ष दुसरीकडे वळवणं जास्त बरं. म्हणून विधानांआधी ‘गेल्या दोन महिन्यांत सर्वांत जड गेलेली एक गोष्ट लिहा’ आणि ‘ती बदलणं तुमच्या हातात किती होतं?’ असे दोन प्रश्न जोडावेत आणि उत्तरं त्याच गोष्टीबद्दल मागावीत. या दोन ओळी नसतील तर सामन्याचे गुण वाचायचे कशाच्या संदर्भात?

एक धोक्याची सूचना. संक्षिप्त प्रश्नावलीत दारू किंवा अमली पदार्थांचा आधार घेण्याबद्दल दोन विधानं आहेत. अल्पवयीन मुलांना ती द्यायची असतील तर कुणी ‘हो’ म्हटल्यास कोण, कधी आणि कसं बोलणार, हे आधी ठरवलेलं हवं.

‘पण हुशार मुलं हवं तेच उत्तर देतील की!’

ही शंका रास्त आहे. विधान कशासाठी आहे हे ही मुलं ओळखतात आणि ‘मला जमत नाही’ हे कबूल करणं त्यांना इतरांपेक्षा अवघड जाऊ शकतं. उपाय बरेचसे मांडणीत आहेत. मार्क देणारे शिक्षक वर्गात नकोत. कागदावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक हवा आणि नाव-क्रमांकाची जोडणी एकाच जबाबदार माणसाकडे, समुपदेशकाकडे असावी. ‘निनावी आहे’ असं सांगून मागून नाव शोधणं तर कधीही नको. एकदा विश्वास गेला की पुढची सगळी मोजमापं वाया जातात. मुलांना खरं तेच सांगावं : उत्तरं गोपनीय राहतील, पण कुणी धोक्यात आहे असं दिसलं तर आम्ही त्याच्याशी बोलू.

मग मुलांना न विचारता पालकांना आणि शिक्षकांना विचारावं का? थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा मुलांच्या भावनिक व वर्तनविषयक अडचणींबद्दल मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि इतरांचं म्हणणं यांतला सहसंबंध सरासरी ०.२२ निघाला. पूर्ण मेळ असता तर तो १ असता. शिक्षक मुलाला वर्गात पाहतात, पालक घरी. मनातली धाकधूक दोघांनाही दिसत नाही. जे मूल वह्या वेळेवर देतं आणि नव्वदच्या वर मार्क आणतं, त्याच्याबद्दल तर शंकाही येत नाही. म्हणून मुलाचं उत्तर मुख्य धरावं आणि मोठ्यांची निरीक्षणं जोडीला घ्यावीत. दोन्हींत अंतर दिसलं तर तीही महत्त्वाची माहिती आहे. सरासरी काढून ती पुसून टाकू नये.

‘लाळ किंवा घड्याळ सांगेल ना खरं?’

कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक आहे आणि ते लाळेतून मोजता येतं. पण दिवसभर त्याची पातळी सारखी नसते. जाग आल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांनी ती शिखरावर जाते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. मुलाने सकाळचा नमुना अर्धा तास उशिरा घेतला तर शिखरच हुकतं. नमुन्याआधी काही खाल्लं, दात घासले, व्यायाम केला, तरी आकडा बिघडतो. त्यामुळे एका दिवसाच्या एका नमुन्यावरून कुणाबद्दलही काही सांगता येत नाही. मनगटावरच्या घड्याळातले हृदयाचे ठोके भीतीने वाढतात तसे आवडत्या स्पर्धेच्या उत्साहानेही वाढतात. मोठ्या संशोधनात ही साधनं उपयोगाची आहेत. शाळेने त्यात पडू नये.

दोन गुणांनी कमी झाला म्हणजे सुधारला का?

प्रत्येक प्रश्नावलीत मोजमापाची चूक असते, आणि ती किती हे काढता येतं. दोन आकडे लागतात. एक प्रमाण विचलन, म्हणजे गटातल्या मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. दुसरा विश्वसनीयता, म्हणजे प्रश्नावली किती सातत्याने मोजते. ती ० ते १ मध्ये सांगतात. समजा प्रमाण विचलन ६ आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. १ मधून ०.८४ वजा केले, ०.१६ उरले. त्याचं वर्गमूळ ०.४. त्याला ६ ने गुणलं की २.४. ही मोजमापाची चूक. शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा साधारण याच्या दुप्पट अंतरात असतो असं धरतात. म्हणजे २४ गुणांचं मूल प्रत्यक्षात १९ ते २९ मध्ये कुठेही असू शकतं.

दोनदा मोजलं तर दोन्ही वेळच्या चुका एकत्र येतात. याच उदाहरणात फरक ७ किंवा त्याहून जास्त असेल तरच ‘बदल झाला’ असं खात्रीने म्हणता येतं. कार्यशाळेआधी २४ आणि नंतर २१ म्हणजे काहीच सिद्ध झालेलं नाही.

आणखी दोन सापळे आहेत. प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर दोन्ही उत्तरांतले निम्मे दिवस तेच असतात; मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावेत. आणि सर्वांत जास्त गुणांची २० मुलं निवडून त्यांचीच कार्यशाळा घेतली, तर पुढच्या वेळी त्यांची सरासरी काहीही न करता खाली येते. टोकाच्या आकड्यांत त्या दिवसापुरतं वाढलेलं बरंच काही असतं, ते पुढच्या वेळी नसतं. तशाच गुणांची, पण कार्यशाळा न मिळालेली मुलं तुलनेला नसतील, तर यशाचा दावा करू नये. थांबलेल्या गटाला कार्यशाळा नंतर देता येते, त्यामुळे कुणावर अन्यायही होत नाही.

मग प्रज्ञावान मुलं जास्त ताणात असतात, हे खरं का?

लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात सुमारे १५०० बुद्धिमान मुलांचा दीर्घ अभ्यास केला आणि हुशार मुलं दुबळी, विक्षिप्त असतात हा समज खोडून काढला. मात्र त्यांची निवड बऱ्याच अंशी शिक्षकांच्या शिफारशींतून झाली होती. वर्गात न जुळणारी, चिडणारी, गप्प बसणारी हुशार मुलं त्या गाळणीतून आधीच गळाली असण्याची शक्यता मोठी.

सुल्डो आणि सहकाऱ्यांना २००८ च्या अभ्यासात दिसलेलं चित्र मला फार बोलकं वाटतं. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा कठीण अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी सर्वसाधारण वर्गातल्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त ताण नोंदवला, पण गट म्हणून त्यांचं मानसिक आरोग्य इतरांपेक्षा खालावलेलं नव्हतं. जास्त ताण आणि ठीक आरोग्य एकाच मुलात असू शकतं. मात्र गटाची सरासरी ठीक आहे म्हणून त्यातलं प्रत्येक मूल ठीक आहे, असं होत नाही. जी मुलं ताणाला टाळाटाळीने तोंड देतात, त्यांना त्याच ताणाची जास्त किंमत मोजावी लागते. ताणाच्या शेजारी सामना मोजला नाही, तर ही मुलं सरासरीत हरवून जातात.

शाळेला मोजायचंच असेल तर

आधी ठरवा : आकडे आल्यावर कुणासाठी काय करणार? मदतीची सोय नसेल तर मोजू नका. पालकांची लेखी परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती, दोन्ही घ्या. वेळ परीक्षेच्या आठवड्यातली नको आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यातलीही नको. पुढच्या वर्षी तुलना करायची असेल तर महिना तोच ठेवा. ताणाची १०, सामन्याची २८ आणि परिपूर्णतेची २३ विधानं मिळून ६१ होतात. एका तासिकेत ती सावकाश भरता येतात, पण त्यावर आणखी भर घालू नका. शेवटच्या पानावर मुलं न वाचता खुणा करू लागतात.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून आणली असेल तर एकाने अनुवाद करावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो उलट मूळ भाषेत न्यावा आणि फरक तपासावेत. मग आठ-दहा मुलांना प्रत्येक विधान वाचायला देऊन ‘यातून तुला काय समजलं?’ असं विचारावं. ज्या विधानाशी दोघं-तिघं अडखळतील ते बदलावं.

भरलेले कागद त्याच दिवशी पाहावेत. ताणाची प्रश्नावली स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल काहीच विचारत नाही, त्यामुळे कमी गुण म्हणजे मूल सुरक्षित असा अर्थ कधीही घेऊ नये. समासात कुणी तसं काही लिहिलं, किंवा बोलता बोलता सुचवलं, तर गुणांची बेरीज होईपर्यंत थांबू नये. समुपदेशकाने त्याच दिवशी मुलाशी एकट्याने बोलावं, मुलाला एकटं सोडू नये आणि पालकांशी संपर्क साधावा. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत लगेच पोचवावं.

पालकांना द्यायच्या अहवालात एक आकडा आणि एक विशेषण नको. त्रास आणि भरवसा हे दोन उप-गुण वेगळे, आकड्यामागची शक्य चूक (‘२४, म्हणजे साधारण १९ ते २९’), मुलाने सर्वांत जास्त वापरलेले सामन्याचे दोन-तीन प्रकार, आणि पुढे कोण भेटणार त्या व्यक्तीचं नाव, एवढं अर्ध्या पानात मावतं. अहवाल पालकांआधी मुलाला दाखवावा. त्याने ज्या विधानावर ४ ची खूण केली आहे ते काढून विचारावं, ‘हे लिहिताना कोणता प्रसंग डोळ्यांसमोर होता?’ आणि त्याच्या परवानगीने तेवढा भाग त्याच्याच शब्दांत अहवालात जोडावा.